पोकळ बांबूचे बळ

शिकागो शहरात विज्ञान आणि उद्योग यांचे एक भले मोठे संग्रहालय आहे. १९६० च्या दशकात तिथे कपडे धुण्याच्या यंत्राची माहिती देणारे एक दालन होते. यंत्रातले कपडे कसे हेलकावे खातात हे बघणाऱ्याला अंगावर अनुभवता यावे म्हणून तिथे एक हलता मंच ठेवलेला होता. एकदा या मंचावर वेगळीच मंडळी आली. चांगली शिकलीसवरलेली, पोक्त माणसे. ती मंचावर उभी राहिली, मग बसली, मग चक्क आडवी झाली. मंच किती हलला म्हणजे माणसाला ते कळते, किती हलला म्हणजे जीव घाबरा होतो आणि कुठपर्यंत काहीच जाणवत नाही, हे पाहिले गेले.

हा सगळा खटाटोप करणारा माणूस इंजिनिअर होता आणि त्याला शंभर मजल्यांची एक इमारत बांधायची होती. एवढी उंच इमारत वाऱ्याने थोडी डुलतेच. ती पडणार नाही याची खात्री त्याला गणिताने दिली होती. पण नव्वदाव्या मजल्यावर रात्री अंथरुणाला पाठ टेकलेल्या माणसाला ते डुलणे जाणवेल का, याचे उत्तर गणितात नव्हते. म्हणून तो माणसांकडे गेला.

त्याचे नाव फजलूर रहमान खान. जगातल्या उंच इमारतींच्या बांधणीची रीत ज्याने मुळापासून बदलली, असा हा ढाक्याचा बंगाली माणूस. आपल्याकडे हे नाव फारसे कुणाच्या ओठांवर नाही. इमारत पाहिली की आपण मालकाचे नाव विचारतो, फार तर वास्तुशिल्पकाचे. ती उभी कशी राहिली हे ज्याने ठरवले, तो बहुधा पडद्याआडच राहतो.

गणिताच्या मास्तरांचा मुलगा

खान यांचा जन्म ३ एप्रिल १९२९ चा. वडील अब्दुर रहमान खान गणिताचे शिक्षक आणि पाठ्यपुस्तकांचे लेखक. पुढे ते शिक्षण खात्यात वरच्या पदावर गेले आणि निवृत्तीनंतर ढाक्याच्या जगन्नाथ कॉलेजचे प्राचार्य झाले. घरात पैशापेक्षा पुस्तकांची श्रीमंती. मुलगा शाळा संपवून कलकत्त्याजवळच्या शिबपूरच्या बंगाल इंजिनिअरिंग कॉलेजात दाखल झाला. तो शिकत असतानाच फाळणी झाली. ढाका एका देशात आणि कॉलेज दुसऱ्या देशात, अशी विचित्र अवस्था. अखेरची परीक्षा तोंडावर आली आणि १९५० च्या दंगली उसळल्या. शिबपूर सोडून त्याला ढाक्याला परतावे लागले. तिथल्या अहसानुल्ला इंजिनिअरिंग कॉलेजातून त्याने पदवी पूर्ण केली आणि पहिल्या वर्गात पहिला आला. दंगलीने वर्ष बुडवले, करिअर बुडाले, अशा कहाण्या त्या काळात घरोघरी होत्या. या मुलाचे नशीब म्हणा की जिद्द म्हणा, त्याची कहाणी तशी झाली नाही.

काही काळ त्याच कॉलेजात शिकवल्यावर १९५२ साली शिष्यवृत्ती मिळवून खान अमेरिकेला, इलिनॉय विद्यापीठात गेले. तीन वर्षांत त्यांनी दोन पदव्युत्तर पदव्या आणि डॉक्टरेट मिळवली. १९५५ मध्ये शिकागोच्या स्किडमोर, ओविंग्ज अँड मेरिल या नामवंत वास्तुशिल्प कंपनीत नोकरी लागली. मग मायदेशाची ओढ वाटली म्हणून ते पाकिस्तानात परतले आणि कराचीच्या विकास प्राधिकरणात अधिकारी झाले. हुद्दा चांगला होता, पण हातात आरेखनाऐवजी फायली आल्या. सही-शिक्क्याच्या कामात मन रमेना. १९६० मध्ये ते शिकागोला त्याच कंपनीत परतले. तोवर ऑस्ट्रियात जन्मलेल्या लिसेलॉट यांच्याशी त्यांचा विवाह झाला होता. यास्मिन ही त्यांची मुलगी. तीही पुढे स्ट्रक्चरल इंजिनिअर झाली आणि वडिलांच्या कामावर तिने पुस्तक लिहिले.

वाऱ्याचा हिशेब

खान परतले ते शिकागो म्हणजे गगनचुंबी इमारतींचे माहेरच. १८८५ साली तिथे पोलादी सांगाड्याची पहिली दहा मजली इमारत उभी राहिली होती. त्यानंतर न्यूयॉर्कने बाजी मारली आणि १९३१ मध्ये १०२ मजल्यांची एम्पायर स्टेट इमारत बांधली. मग तीस वर्षे गाडी तिथेच अडली. माणसाला याहून उंच जाता येत नव्हते असे नाही. ते परवडत नव्हते.

याचे कारण वारा. चार-पाच मजल्यांच्या इमारतीला मुख्य चिंता असते ती स्वतःचे वजन पेलण्याची. इमारत उंच होत गेली की वजनापेक्षा वाऱ्याची चिंता मोठी होते. उंची दुप्पट झाली तर पायथ्याशी इमारतीला वाकवणारा जोर साधारण चौपट होतो आणि बांधणी तशीच ठेवली तर शेंड्याचे झुकणे सोळापट होते. जुन्या पद्धतीत इमारतीच्या पोटात सगळीकडे खांब आणि तुळयांची जाळी असे. वाऱ्याला तोंड द्यायचे तर ही जाळी जाड करत न्यायची. मजला चढला की पोलाद वाढे, तेही नुसते वाऱ्यासाठी. आपल्या चाळीतल्या भाडेकरूने शेजाऱ्याचे वीजबिल भरावे, तसा हा भुर्दंड.

बाहेरची भिंत मात्र या साऱ्यात ऐतखाऊच. पाऊस-वारा अडवायचा आणि सांगाड्याला पडद्यासारखे लटकून राहायचे, एवढेच तिचे काम. खान यांनी या ऐतखाऊ भिंतीला कामाला लावले. खांब इमारतीच्या पोटातून काढून बाहेरच्या कडेला आणले, जवळजवळ उभे केले आणि भक्कम आडव्या तुळयांनी एकमेकांना घट्ट बांधले. आता भिंत हाच सांगाडा झाला. माणसाची हाडे आत असतात, खेकड्याचे कवच बाहेर असते. इमारत माणसाची खेकडा झाली म्हणा ना.

यामागचे तत्त्व आपल्या खेड्यातल्या कुठल्याही माणसाला कळेल असे आहे. बांबू पोकळ असतो. तेवढ्याच वजनाची भरीव काठी घेतली तर ती बारीक होते आणि सहज वाकते. तेच द्रव्य मध्यापासून दूर, कडेला नेले की ताठपणा कितीतरी वाढतो. ढाक्याकडच्या माणसाला बांबू नवा नाही. खान स्वतःही ही कल्पना समजावताना बांबूचाच दाखला देत. १९६० च्या दशकाच्या मध्याला शिकागोत डेविट-चेस्टनट नावाची चाळीसहून अधिक मजल्यांची काँक्रीटची निवासी इमारत उभी राहिली. ही या नळीची पहिली परीक्षा आणि तीत ती उत्तीर्ण झाली.

त्यानंतर टेक्सास राज्यातल्या ह्यूस्टन शहरात शेल कंपनीची इमारत आली. तिथली जमीन मऊ चिकणमातीची. जड इमारत तिला पेलवणारी नव्हती. खान यांनी नेहमीच्या खडीऐवजी हलकी खडी घातलेले काँक्रीट वापरले आणि नळीच्या आत आणखी एक नळी बसवली. जुन्या पद्धतीने ३५ मजल्यांना जो दर पडला असता, त्याच दरात ५२ मजले झाले. १९७१ मध्ये पुरी झालेली ही इमारत त्या वेळी काँक्रीटच्या इमारतींत जगात सर्वात उंच होती. द्रव्य आणि रचना एकमेकांच्या हातात हात घालून चालली तर काय होते, हे या ५२ मजल्यांनी दाखवले.

शंभर मजले, एक खचलेला खांब

पण खरी कसोटी जॉन हॅनकॉक सेंटरची. वास्तुशिल्पी ब्रूस ग्रॅहॅम आणि खान ही जोडी. खाली दुकाने, वर मोटारी ठेवायची जागा, त्यावर कचेऱ्या आणि सर्वांत वर घरे, असे एका इमारतीत अख्खे गाव बसवायचे होते. कचेऱ्यांना रुंद मजले लागतात, घरांना अरुंद, कारण घरात खिडकी जवळ हवी. म्हणून इमारत खाली रुंद आणि वर निमुळती झाली आणि ही निमुळती बांधणी वाऱ्यालाही सोयीची ठरली. बाहेरच्या भिंतीवर खान यांनी प्रचंड तिरपे पोलादी खांब फुलीच्या आकारात घातले. फुलीची ही कल्पना त्यांनी आधी शिकागोच्या इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत एका जपानी विद्यार्थ्याच्या प्रबंधातून तपासून घेतली होती. एम्पायर स्टेट इमारतीला दर चौरस मीटरला सुमारे २०६ किलो पोलाद लागले होते. जवळपास तेवढ्याच उंचीच्या या इमारतीला सुमारे १४५ किलो पुरले.

कागदावर हे सुरेख दिसते. प्रत्यक्षात काम सुरू झाल्यावर एक भयंकर गोष्ट घडली. इमारत जमिनीखाली खोलवर गेलेल्या काँक्रीटच्या पायाच्या खांबांवर उभी राहत होती. पोलादी सांगाडा चढू लागला आणि पायाचा एक खांब खचतो आहे असे लक्षात आले. काँक्रीट ओतताना आत पोकळी राहून गेली होती. काम थांबले. एकेक खांब तपासावा लागला. माझी उमर बँकेत कर्जाची प्रकरणे पाहण्यात गेली, त्यामुळे इथे मला त्या खांबाइतकीच मूळ बिल्डरची काळजी वाटते. इमारत थांबली तरी तिच्यावरचे व्याज थांबत नाही. तो बिल्डर त्यात बुडाला आणि प्रकल्प पैसा लावणाऱ्या विमा कंपनीकडे गेला. अशा वेळी नवी कल्पना मांडणाऱ्याकडेही लोक संशयाने पाहू लागतात. दोष नळीत नव्हता, पायाच्या कामात होता. पण अर्धवट सांगाड्याकडे पाहणाऱ्या माणसाला हा फरक कोण समजावणार? दुरुस्ती झाली, काम पुढे सरकले आणि १९६९ च्या सुमाराला ३४४ मीटर उंचीची इमारत उभी राहिली. चव्वेचाळिसाव्या मजल्यावर पोहण्याचा तलाव आहे. त्याच्या वर माणसे संसार करू लागली. रात्री ती शांत झोपतात, यात त्या हलत्या मंचाचा वाटा आहे.

याच काळात खान आणि ग्रॅहॅम यांनी कंपनीतल्या भागीदारांच्या गळी एक महागडी गोष्ट उतरवली. ती म्हणजे संगणक. शेकडो खांब आणि तुळया एकमेकांना जोडल्या की एकाचा भार दुसऱ्यावर कसा जातो याचे हिशेब हाताने करायचे तर महिने लागत. शिवाय थोडा बदल केला की सगळे पुन्हा पहिल्यापासून. संगणक तेव्हा अवाढव्य आणि किमती होता, त्यातून काय निघेल याची खात्री नव्हती. खान यांनी त्याला बांधणीची समीकरणे शिकवली. पुढे त्याच्यावर नकाशेही काढले जाऊ लागले. आज कुठलाही तरुण इंजिनिअर टेबलावर बसून पन्नास आकार तपासतो, त्या वाटेवरची पहिली काही पावले इथली आहेत.

मात्र यंत्रावर ते विसंबून राहिले नाहीत. आपण स्वतःच ती इमारत आहोत, वारा आपल्या खांद्यावर आदळतो आहे, भार आपल्या पायांतून जमिनीत उतरतो आहे, अशी कल्पना करून ते आधी रचना अंगात भिनवून घेत. उत्तर कोणत्या बाजूचे येणार हे आधी मनाने ओळखायचे आणि मग संगणकाला आकडा विचारायचा, असा त्यांचा क्रम होता.

काटक्यांची मोळी आणि जळणारे ढाका

म्हाताऱ्या शेतकऱ्याची आणि त्याच्या भांडखोर मुलांची गोष्ट आपण सगळ्यांनी शाळेत वाचली आहे. एकेक काटकी सहज मोडते, मोळी मोडत नाही. सिअर्स टॉवर ही या गोष्टीची पोलादी आवृत्ती. ग्रॅहॅम यांनी एकदा हातात सिगरेटी कमीजास्त उंचीवर धरून खान यांच्यापुढे ही कल्पना मांडली, असे सांगतात. प्रत्येकी ७५ फूट बाजूच्या नऊ चौरस नळ्या एकमेकींना चिकटून उभ्या राहतात. पन्नासाव्या मजल्यावर दोन थांबतात, सहासष्टाव्यावर आणखी दोन, नव्वदाव्यावर तीन आणि उरलेल्या दोनच शेंड्यापर्यंत जातात. या पायऱ्यांमुळे वाऱ्यालाही सगळ्या उंचीवर एकसारखी लय सापडत नाही.

१९७० मध्ये या कामाला सुरुवात झाली आणि १९७१ च्या मार्चमध्ये ढाक्यात लष्कराने कत्तल सुरू केली. ज्या गल्ल्यांत खान लहानाचे मोठे झाले, तिथे रणगाडे फिरत होते. चार वर्षांपूर्वीच त्यांनी अमेरिकेचे नागरिकत्व घेतले होते. जगातली सर्वात उंच इमारत हातात होती. गप्प बसले असते तरी कुणी नाव ठेवले नसते. त्यांनी शिकागोत दोन संघटना उभ्या केल्या. एक पीडितांना मदत पोचवण्यासाठी आणि दुसरी बांगलादेशाच्या बाजूने अमेरिकेत जनमत आणि राजकारण हलवण्यासाठी. अमेरिकेचे सरकार तेव्हा पाकिस्तानच्या बाजूला झुकलेले होते, हे आपल्याला आठवतच असेल. दिवसा मोळीचे हिशेब आणि बाकीच्या वेळात निधी, सभा, पत्रे. १६ डिसेंबरला ढाका मुक्त झाले. १९७३ च्या मे महिन्यात सिअर्स टॉवरने आपली पूर्ण उंची गाठली, ४४२ मीटर. १९९८ मध्ये क्वालालंपूरचे पेट्रोनास टॉवर होईपर्यंत पंचवीस वर्षे तो जगात सर्वात उंच होता.

रवींद्रसंगीत हा खान यांचा जीव की प्राण. शिकागोच्या हाडे गोठवणाऱ्या थंडीत त्यांच्या घरी बंगाली गाणी रंगत. इंजिनिअरने आपल्या तंत्रात हरवून जाऊ नये; गाणे, नाटक आणि मुख्य म्हणजे माणसे यांच्यात त्याचा जीव असायला हवा, असे ते मानत आणि तसे जगत.

वाळवंटातली सावली

आता त्यांच्या शेवटच्या मोठ्या कामाकडे येऊ. पोलादी मनोऱ्यांच्या या माणसाने अखेरीस कापडाचे छत घातले. सौदी अरेबियातल्या जेद्दा विमानतळावर हजला येणाऱ्या यात्रेकरूंसाठी निवारा हवा होता. वर्षातले थोडेच आठवडे गर्दी, पण ती लाखोंची. आलेल्या माणसांना पुढची गाडी मिळेपर्यंत तासन् तास थांबावे लागे. परतताना तर दीड-दीड दिवस. आषाढी संपल्यावर पंढरपूरच्या एसटी स्टँडवर गाठोडी उशाला घेऊन बसलेली माणसे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे चित्र वेगळे समजावायला नको. मुंबई बंदरातून हजला जाणारी बोट १९९५ पर्यंत चालू होती. पण विमानांचे युग सुरू झाले होते आणि गरीब, म्हातारे, आयुष्यात पहिल्यांदाच घराबाहेर पडलेले असे यात्रेकरू जगभरातून जेद्दाला उतरत होते.

काँक्रीटची इमारत बांधून ती वातानुकूलित करणे हा सरळ मार्ग. तो प्रचंड खर्चिक आणि वर्षभर बहुतेक रिकामा राहणारा. खान आणि वास्तुशिल्पी गॉर्डन बनशाफ्ट यांनी वाळवंटाचे जुने उत्तर घेतले, तंबू. पण कापड नवे. काचेच्या बारीक धाग्यांचे विणलेले आणि त्यावर टेफ्लॉनचा लेप. आपल्या स्वयंपाकघरातल्या न चिकटणाऱ्या तव्यावर असतो तोच. अशा कापडाचे ४५ मीटर लांब-रुंद २१० तंबू ४५ मीटर उंचीच्या पोलादी खांबांवरून दोरखंडांनी टांगले. चाळीस हेक्टरांहून जास्त जमीन सावलीत आली.

हे एकच कापड किती कामे करते बघा. ते छप्पर आहे. उन्हाची बरीचशी उष्णता ते आल्या वाटेने परत पाठवते, म्हणजे छत्री आहे. थोडा उजेड आत झिरपू देते, म्हणून दिवसा दिवे लागत नाहीत. रात्री खालून टाकलेला प्रकाश तेच परतवून जमिनीवर पसरवते. शंकूच्या आकारामुळे गरम हवा वर चढते आणि टोकाच्या कड्यातून निघून जाते, म्हणजे धुराडेही तेच. ते पेट घेत नाही आणि धूळ त्याला फारशी चिकटत नाही. एकाच द्रव्याकडून अनेक कामे करून घेणे हा आज साऱ्या जगात अभियांत्रिकीच्या संशोधनाचा मोठा विषय झाला आहे. जेद्दाच्या छताने ते १९८१ मध्येच लाखो माणसांच्या डोक्यावर करून दाखवले.

संगणक इथेही लागला, आणि अधिक नाजूक कामासाठी. कापड फक्त ताण सोसते. दाबले की चुरगळते. म्हणून ते कुठेही सैल पडणार नाही असाच आकार शोधावा लागतो. साबणाच्या पाण्यात तारेचे कडे बुडवले की त्यावर जो तलम पापुद्रा ताणला जातो, त्या जातीचा हा आकार. तो पट्टी-कंपासने काढता येत नाही. तंबूरचनेचे जाणकार हॉर्स्ट बर्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो संगणकावर आकड्यांमधून शोधून काढला. पोलादाच्या मनोऱ्यात संगणक हिशेबनीस होता. इथे तो आकार शोधणारा सोबती झाला.

पुढच्याच वर्षी, २७ मार्च १९८२ रोजी, कामानिमित्त जेद्दात असतानाच खान यांना हृदयविकाराचा झटका आला आणि ते गेले. त्रेपन्नावा वाढदिवस आठवड्यावर आला होता. ढाक्यात जन्मलेल्या या माणसाचा देह शिकागोला नेऊन ग्रेसलँड दफनभूमीत पुरण्यात आला. १९८३ मध्ये जेद्दाच्या छताला आगाखान वास्तुशिल्प पुरस्कार मिळाला. १९९९ मध्ये बांगलादेशाने त्यांना मरणोत्तर स्वाधीनता पुरस्कार दिला. २००९ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष ओबामा यांनी कैरोतल्या भाषणात देशाच्या सर्वात उंच इमारतीमागच्या मुस्लिम माणसाची आठवण काढली. त्याच वर्षी सिअर्स टॉवरचे नाव बदलून विलिस टॉवर झाले. ज्या व्यापारी कंपनीने तो बांधून घेतला, तिने २०१८ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. हॅनकॉक सेंटरवरूनही ते नाव त्याच वर्षी उतरले. मालक बदलले, पाट्या बदलल्या. नळी आणि फुली तशाच उभ्या आहेत.

त्यांच्याच कंपनीने आरेखन केलेली दुबईची ८२८ मीटरची बुर्ज खलिफा २०१० मध्ये खुली झाली. तिची रचना वेगळी आहे, खान यांच्या नळीला मागे टाकणारी आहे, आणि ते योग्यच. आज संगणक हजारो आकार तपासून कमीत कमी द्रव्याचा आकार सुचवतो. स्वतःचा ताण स्वतःच ओळखणारी द्रव्ये प्रयोगशाळांतून येत आहेत. मुंबई-पुण्यातही चाळींच्या आणि वाड्यांच्या जागी चाळीस-पन्नास मजले चढताहेत आणि आपलीच मुले त्यात राहायला जाताहेत. अशा वेळी फ्लॅटचा दर, पार्किंग आणि दिशा विचारून झाली की आणखी एक प्रश्न विचारावासा वाटतो. या इमारतीचा हिशेब करणाऱ्याने वरच्या मजल्यावर झोपणाऱ्या माणसाचा विचार केला होता का?

खान यांनी तो केला होता. त्यासाठी संग्रहालयातल्या हलत्या मंचावर जायला त्यांना संकोच वाटला नव्हता.